वाशाला टांगलेल्या तीन जुड्या

मी, सोहेल फक्रुद्दीन मुजावर, वय चोवीस, शिक्षण सातवी, राहणार रेंदाळ, तालुका हातकणंगले, जिल्हा कोल्हापूर, हल्ली काम अरुणाचलात विजेचे टॉवर उभे करण्याचं, डोकं ठिकाणावर असताना आणि कुणी दमदाटी न करता हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. तब्येत खणखणीत आहे. मरायचा विचार नाही. पण उद्या आमची टोळी वरच्या कॅम्पला चढणार, तिथं फोनला रेंज नाही, आणि लसूण लावायच्या दिवसांत मी गावाकडं नसणार. म्हणून लिहिणं भाग आहे.

कलम एक. घर अब्बांचं आहे, त्यावर मी बोलणारा कोण? बँकेत माझं जे काय साठलं असेल तेही त्यांचंच.

कलम दोन. हुपरीत पैंजणाच्या कामावर होतो तेव्हाचा माझा चिमटा आणि फुंकणी सासरी गेलेली बहीण फरहीन हिला द्यावी. घरी आणलेल्या कड्या ती माझ्यापेक्षा झटकन जोडायची. नंतर मी इचलकरंजीत यंत्रमागावर गेलो, तिथनं कागलच्या एमआयडीसीत, तिथनं इथं. अब्बा म्हणाले, "तुझ्या पायाला भिंगरी हाय. चंद्रावर भरती निघाली तर पहिला तू पळशील." हे बोलणं मी मनात ठेवलेलं नाही. ठेवलंय, पण राग म्हणून नाही.

कलम तीन, मुख्य. स्वयंपाकघरात जुन्या चुलीच्या वर वाशाला लसणाच्या तीन जुड्या पाल्यासकट टांगल्यात. हे माझ्या वारलेल्या अम्माचं, अमीरबीचं, बियाणं. तिच्या आईनं तिला लग्नात दिलेलं. पाकळी बारकी, लालसर, सोलताना नखाला झोंबते. असला लसूण बाजारात मिळत नाही. इकडं येताना जिथं जिथं गाडी थांबली तिथं मी बघितलंय. आणि लसूण दोन पावसाळे टिकत नाही. यंदा लावला नाही तर पाकळ्या पोकळ होतील आणि अम्माचं बियाणं संपलं.

मौलाना सांगतात, आमच्यात मृत्युपत्रानं तिसऱ्या हिश्श्याच्या वर देता येत नाही. म्हणजे तिनातली एकच जुडी माझ्या हातात. ती मी शेजारच्या बायडाबाई मावशीला देतो. कारण असं. मी शाळेत असताना अब्बांची बहीण आयेशा फुपी उन्हाळ्यात मसाला करायला आली आणि वाशावरचा सगळा लसूण उतरवून, मिरच्यांबरोबर डंकावर कुटून घेऊन आली. कांदा-लसूण मसाला असा झाला की अख्खी गल्ली शिंकत होती. अम्मा एवढंच म्हणाली, "आयेशा, माझ्या आईला कुटलंस की गं." पण अम्मानं आदल्या दसऱ्याला लावायला मूठभर पाकळ्या मावशीला दिलेल्या होत्या. मावशी तिच्या घरची जुडी घेऊन आली, म्हणाली, "घे, तुझंच तुला." तेव्हापासनं मला कळलंय, बियाणं एका घरात ठेवू नये. फुपीला माफी आहे. मात्र मसाल्याच्या दिवसांत तिला आमच्या स्वयंपाकघरात एकटं सोडू नये.

राहिलेल्या दोन जुड्या अब्बांच्या वाट्याला जातात. मी निघताना ते म्हणाले होते, "अम्मा गेली, तू चाललास. मी एकटा लसूण लावून काय करू? आमटीत घालीन." हक्क त्यांचा आहे, हुकूम करता येत नाही. विनंती आहे. आमटीला बारके गड्डे घ्यावेत, थोरले बियाण्याला ठेवावेत. प्लास्टिकच्या पिशवीत नको, फ्रिजमध्ये तर नकोच. गॅस आल्यापासनं चूल थंड आहे, आणि पावसाळ्यात धूर नसला की जुडी आतनं बुरसते, तेवढं बघावं. गड्डे लावायच्या दिवशीच फोडावेत. पाकळी दोन बोटं खोल, शेंडा वर.

कलम चार. वकील म्हणेल, मृत्युपत्र मेल्यावर लागू होतं. लसूण तोवर थांबत नाही. म्हणून हे येत्या दसऱ्याला लागू करावं, मी जिवंत असलो तरी.

दुरुस्ती. सहीच्या आधी टेकाडावर रेंज मिळाली म्हणून अब्बांना फोनवर सगळं वाचून दाखवलं. ते म्हणाले, "मेल्यावर वाचायचा कागद आत्ताच वाचतोस व्हय रे शहाण्या?" मग म्हणाले, "आणि दोन बोटं कुणी सांगितलं तुला? एकच बोट. तुझी अम्मा एकच बोट लावायची." मग खोकायला लागले. मी विचारलं, "अब्बा, आजारी हाय काय?" तर मागनं बायडाबाई मावशी ओरडली, "आजारी कुठला! आषाढ लागल्यापासनं रोज सकाळी चूल पेटवतोय. वर भांडं न्हाय, काय न्हाय, नुसता धूर! माझ्या घरात शिरतोय की सगळा!"

अब्बा म्हणाले, "फोन ठेव. चुलीतल्या शेणी विझाय लागल्या."

सबब, कलम तीनमधली "दोन बोटं" खोडून तिथं "एक बोट" असं वाचावं. विनंती मागं घेतो, गरज उरली नाही. बाकी कायम. होळीच्या सुमारास काढणीला मी येतोय. नव्या पिकाची चौथी जुडी बांधायची सुतळी माझ्याकडं.

साक्षीदार:
१. गुंडू आप्पासो चौगुले, टोळीतला सोबती. जैन आहे, लसूण खात नाही, त्यामुळं या मिळकतीत त्याचा काही स्वार्थ नाही. (सही)
२. विश्वजित पाटील, टोळीचा मुकादम. (सही)

सोहेल फक्रुद्दीन मुजावर (सही)
ठिकाण: खालचा कॅम्प, अरुणाचल प्रदेश
दिनांक: १४ सप्टेंबर २०२५