नत्थुजी काकाची बिडी

पिंपळखुटी (मोझरी)
दि. १२ मे

नत्थुजी काका, जय गुरू.

तुमी अकोल्याले लेकीकडे सुखरूप पोचले असान. काकूचं गुडघ्याचं दुखणं कसं आहे? इकडं ऊन मरणाचं तापून राहिलं. तुमची कबरी गाय आमच्याच गोठ्यात आहे, कुटार खाते, पण दुधाले भलती हट्टी.

ग्रामपंचायतीच्या भोंग्यावर रोज माझाच आवाज गावभर फिरते. "कचरा जाळू नका, धुरे-बांध पेटवू नका, दंड होईल." सरपंच ना मी! लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

जानरावजींची संत्र्याची बाग पाहवत नाही. आंबिया बहाराची बारकी फळं झाडावरच भाजली. इतकी वर्षं तुमी रखवाली केली, अन् त्यांनी तुमालेच काढलं. "नत्थुजीच्या बिडीनं बाग जळली," सारं गाव हेच बोलते. तुमी सांगून राहिले होते, "बिडी मी गुरुकुंज आश्रमात सोडली, आता ओढत नाही." लोक हसले. मीबी हसली, काका.

कितीदा कागद फाडला. आता लिहूनच टाकते. आग मी लावली.

पेरणीआधी धुऱ्यावरचं वाळलं गवत जाळायची आमच्या घरची जुनी रीत. सासूबाई सकाळी, वारा नसताना, पाण्याची घागर जवळ ठेवून जाळत. मी भर दुपारी काडी लावली. फवारणीचे रिकामे डबेबी त्यातच टाकले, जे जाळू नका म्हणून मीच सांगते. पाणी प्यायले विहिरीवर गेली अन् वारा फिरला. आली तं आग बागेच्या कुंपणात.

तुमी एकटेच ओल्या पोत्यानं झोडपत होते. मी बाभळीमागं उभी होती. हाक मारली नाही. तुमचे हात भाजताना पाहिले अन् घरी पळाली. दुसऱ्या दिवशी पंचनाम्यात "बिडीमुळे" लिहिलं होतं, ते वाचून सही केली. थू माझ्या जिनगानीवर!

आज सकाळी जानरावजींच्या ओट्यावर चारचौघांत सगळं सांगून आली. ते उठून घरात निघून गेले. नंतर निरोप आला, ते तुमाले घ्यायले येऊन राहिले. मी सोबत येत नाही. कोणत्या तोंडानं येऊ?

हे पत्र तुमची लेक प्रणालीच वाचून दाखवीन. पोरी, बिडीपायी तूबी बापाले फोनवर बोल बोल बोलली म्हणे. आता मोठ्यानं वाच, काकूलेबी ऐकू जाऊ दे: तुझा बाप खरं बोलत होता.

तुमच्या भाजल्या हातांची गुन्हेगार,
साधना