फोन कोणी ठेवायचा

दि. ४ जून

चि. ठमीस,
अ. उ. आ.

पत्र बघून दचकू नकोस. फोनवर बोललो असतो तर तुझ्या शेजारी बसलेल्या आईला सगळं ऐकू गेलं असतं, म्हणून हा जुना खटाटोप. माझ्या घशातली ती खरखर साधी नाही निघाली गं. स्वरयंत्र काढून टाकावं लागणार. मग गळ्याला पाडलेल्या भोकातून श्वास घ्यायचा आणि बोलायचं काहीच नाही. डॉक्टरांना विचारलं की मूकपटांचे दिवस परत येतायत का, तर बिचारे हसलेसुद्धा नाहीत.

रंगभूमीवर राजा झालो, सिनेमात इन्स्पेक्टर आणि खाष्ट सासरे झालो, तोंड जुनं झाल्यावर डबिंगच्या काचेच्या खोलीत शिरून अस्वल, राक्षस, साबणाची जाहिरात, मिळेल ते बोललो. सगळ्या जगाला फसवलं, आईला एकदाही नाही. डोळे गेल्यापासून तर तिला तोच खेळ. मी कशात आहे ते सांगायचं नाही, तिने कान लावून बसायचं आणि मग फोन करून म्हणायचं की पकडलं. अस्वलाच्या गुरगुरीतही पकडलं बाईने!

आता मला सांग, जिला मी दिसत नाही तिच्यापुढे मुका होऊन बसलो तर मी तिचा कोण? म्हणून एक ठरवलंय. माझा बदली आठवतो ना? मी आजारी पडलो तर उभं राहायला कंपनीने ठेवलेला नट. मी मेला कधी आजारी पडलो नाही आणि त्याची उमर विंगेत गेली. माझा खोकला, माझं अडखळणं, सगळं त्याला पाठ आहे. दर रविवारी तो माझ्या आवाजात आईला फोन करेल. तू फक्त गप्प राहा.

आवाज आहे तोवर तुझ्यावर ओरडणारा,
दादा

दि. ११ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र न्हाणीघरात कडी लावून वाचलं. नळ सोडून रडले. आईने बाहेरून विचारलं की एवढं पाणी कशाला, तर चादरी धुतेय म्हणाले.

तुझी युक्ती मला मुळीच पसंत नाही. नाटकवाल्यांच्या डोक्यातच असलं काही येऊ शकतं. आईला फसवायला निघालायस, जी अस्वलातून तुला ओढून काढते! पण ऑपरेशनच्या तोंडावर तुझ्याशी भांडायची माझी छाती नाही. गप्प राहीन. एकच अट. जायच्या आधी तिला स्वतः फोन कर आणि पोटभर बोल. घाईघाईने ठेवलास तर याद राख.

लोभ मागत नाही, तो हक्काचा आहे.
तुझी ठमी

दि. १७ जुलै

चि. ठमीस,
अ. उ. आ.

तुझी अट पाळली. आईशी काय काय बडबडलो, माझं मलाच आठवत नाही. तिने दोनदा विचारलं की आज एवढा का बोलतोयस.

ऑपरेशन झालं. गळ्यातून श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येतो, म्हणून उशाला रुमालांचा ढीग असतो. बोलायचं ते पाटीवर लिहितो. नर्सबाई शुद्धलेखन तपासतात.

काल पहिला फोन झाला. बदलीला घाम फुटला होता. फोनचा आवाज मोठा केला, तो बोलत होता आणि मी शेजारी गळ्यावर रुमाल धरून बसलो होतो. आईने त्याला विचारलं की जेवलास का, तो म्हणाला हो गं, अगदी माझ्यासारखं वैतागून. आई खळखळून हसली. ठमे, माझ्या आईने माझ्यादेखत दुसऱ्याला आशीर्वाद दिला आणि मला तोंडही उघडता आलं नाही. नंतर बदली म्हणाला की जन्मात पहिल्यांदा भूमिका मिळाली, तीही अशी की टाळी मिळाली तर फसली म्हणायची. मग डोळे पुसत पाणी प्यायला गेला.

आईने पकडलं नाही. याचा आनंद मानायचा की काय, तूच सांग.

तुझा,
दादा

दि. २ सप्टेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आईने अंथरूण धरलंय. डॉक्टर म्हणाले की ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवून घ्या. तेव्हा तू ये.

रविवारची ती सकाळपासून वाट बघते. हल्ली एक नवंच खूळ. बोलणं संपलं की मला खोलीबाहेर घालवते, दार ओढून घ्यायला लावते आणि फोन कानाशी धरून कितीतरी वेळ पडून राहते. म्हातारपण, दुसरं काय.

तू नुसता ये आणि हात हातात घे. हात ओळखते रे ती. आवाजाचं एवढं काय घेऊन बसलायस?

वाट बघणारी,
ठमी

दि. ९ सप्टेंबर

चि. ठमीस,
अ. उ. आ.

तिकीट काढलं होतं. निघण्याआधी आरशापुढे उभा राहून एकदा ‘आई’ अशी हाक मारून बघितली. नुसती हवा आली. बॅग परत रिकामी केली.

तिच्या कानात मी अजून धडधाकट आहे, तसाच राहू दे. भित्रा म्हण, काहीही म्हण, पण रागावून पत्र लिहायचं थांबवू नकोस.

तुझा,
दादा

दि. २० सप्टेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आई गेल्याचं मी बदलीला फोनवर कळवलं, त्याने तुला सांगितलं असेलच. तू आज पोचशील. पुढचं माझ्या तोंडून निघायचं नाही, म्हणून लिहून ठेवतेय. आल्यावर आधी हे वाच.

जायच्या आदल्या दिवशी आईने मला जवळ बसवलं. म्हणाली की फोन करणारा तो गृहस्थ फार गुणी आहे, त्याला माझा आशीर्वाद सांग. तिने पहिल्याच रविवारी पकडलं होतं. आवाजात खोट नव्हती म्हणे, पण त्याच्या मागे कुणीतरी शिट्टीसारखा श्वास घेत होतं, आणि ती हसली की तो श्वास थांबायचा. लहानपणी दाराआड लपलास की तू असाच श्वास धरायचास म्हणे. मग ती मुद्दाम हसायची.

मी विचारलं की मग पकडलं असं का नाही म्हणालीस. तर म्हणाली की बाकीच्या वेळी तो खेळायला लपायचा, या वेळी त्याला लाज वाटतेय. ओढून कशाला काढायचं? येईल आपणहून. बोलणं संपल्यावर तुझा बदली उठून जायचा आणि तू फोन ठेवायचा नाहीस. तीही ठेवायची नाही. दार लावून दोघं तेच करत होतात. श्वासावरून तिला कळायचं की आज थकलायस, आज रडतोयस. तेवढं तिला पुरायचं म्हणे.

शेवटच्या रविवारी तिच्या हातात जोर नव्हता, म्हणून तिने मला बाहेर घालवलं नाही. फोन मी तिच्या कानाशी धरून बसले होते. बोलणं झालं, पलीकडे नुसती खरखर येत राहिली. आई मान हलवून नको नको म्हणत होती. मला वाटलं, लाइन खराब आहे, तिला त्रास होतोय.

फोन मी ठेवला रे दादा.

आता आपल्याला आपणच. लोभ सांभाळ.
तुझी ठमी