जावा की मग

३ फेब्रुवारी, सकाळ
आजपासून ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंग. पक्कं. विषय दोनदा राहिला, पण ते विद्यापीठाचं चेकिंग. अप्पांनी आज चहा पिता पिता सांगून टाकलं की यंदा राहिला तर इंजिनिअरिंग बंद, इथंच सोलापुरात शुक्रवार पेठेतल्या आपल्या दुकानात बसायचं. मी आणि टॉवेल-चादरी! मला पुण्याला आयटीत जायचंय. आईला, म्हणजे आमच्या अव्वाला म्हटलं, जावा शिकतोय. ती म्हणाली, दोन जावा सांभाळण्यात माझा जन्म गेला, तू आणि कुठल्या आणतोस. समजावत बसलो नाही.

६ फेब्रुवारी
क्लास म्हणजे नमुना, त्यातून बनतो तो ऑब्जेक्ट. लई सोपं. नंदीशनं विचारलं, कन्स्ट्रक्टर कशाला असतो? हा माझा दोस्त पहिल्या झटक्यात पास झालाय, म्हणून शायनिंग. म्हटलं, पाया पक्का झाल्याशिवाय मी पुढं जात नसतो.

२ मार्च
मधले दिवस टाइमटेबलमध्ये गेले. रंगीत झालंय. आज पहिला प्रोग्राम रन झाला! एआयनं लिहिला, पण पेस्ट कुणी केला? एक एरर आली, ती नंदीशनं काढली. आता दोन दिवस आराम. डोक्याला ताण नको.

१८ मार्च
इनहेरिटन्स. बापाचं सगळं पोराला आपोआप मिळतं. बापाची एखादी मेथड पटली नाही तर पोरगा ती बदलतो, त्याला म्हणायचं ओव्हरराइड. अंगावर काटा आला. गिऱ्हाइकानं भाव केला की अप्पा मान वर न करता म्हणतात, जावा की मग. निम्मी खरंच जातात. मी असतो तर गोड बोललो असतो. मी नसणारच म्हणा.

९ एप्रिल, दुपार
तोंडी परीक्षा. मस्त. बाहेरून आलेल्या सरांनी ओव्हरराइडचं साधं, घरातलं उदाहरण विचारलं. अप्पा अगदी ओठांवर आले होते. पण परक्या माणसापुढं बापाचं कसं काढायचं? म्हटलं, सर, आमच्या घरात तसं करत नाहीत. सर हसले, म्हणजे मार्क दिले. मग म्हणाले, बरं, जावा. हा प्रश्न तर पाठच होता. जावा ही प्लॅटफॉर्म इंडिपेंडंट भाषा आहे, म्हणून सुरू झालो. दोन वैशिष्ट्यं झाल्यावर सरांनी दाराकडं बोट केलं. अहो, बाहेर जावा म्हणतोय.

२० जून
राहिला.
चेकिंग. दुसरं काय. अप्पा ओरडले असते तर बरं झालं असतं. जेवताना शटरची किल्ली ताटाशेजारी ठेवली, एवढंच. अव्वा माझ्याकडं बघेना. भाकरी तशीच ठेवून उठलो. बाथरूममध्ये नळ सोडून रडलो.

२४ जून
दुकान. तात्पुरतं. गिऱ्हाईक नसेल तेव्हा मोबाइलवर अभ्यास करणार.
सकाळी जुळे सोलापूरच्या एक बाई आल्या. डबल बेडच्या चादरीचा भाव करायला लागल्या. ठरवलं होतंच, गोड बोलायचं. तोंड उघडलं आणि निघालं, जावा की मग.
मानसुद्धा वर केली नव्हती.
बाई गेल्या. अप्पा गल्ल्यावरून बघत होते. शाळेपासून आजवर कधी म्हणाले नव्हते, आज म्हणाले, जमतंय की तुला.