फलकावरचे तेहरान

चिखली, मंगळवार, दिवेलागण

माझी जिव्हा एखाद्या दिवशी मित्रघात करील, हे सौभाग्यवतींचे भाकीत आज जवळजवळ फळास आले. कचोरीवाल्या रफीकभाईंच्या शाखा दोन, चिखली आणि मेहकर. निर्बंधांमुळे विदेशी बर्गरवाले इराणात जात नाहीत, सबब तिसरी शाखा तिथे काढावी, असा त्यांच्या आतेभावाचा सिद्धांत. गेल्या आठवड्यात मी थट्टेने गंभीर मुद्रा धारण करून वदलो, "निर्बंध हीच आपली तटबंदी! प्रस्थान ठेवा."

आज दुकानाच्या फलकावर: चिखली, मेहकर, तेहरान. मेहकरवर काट, शेवटचा शब्द अद्याप ओला.

"अहो, पण निर्बंधांत तिथली कमाई बँकेतून इकडे येणार कशी?" मी.

"मंग सर, तुम्ही काऊन म्हणले जा म्हणून? तेहरानच्या भांडवलासाठी मेहकरचं दुकान सोडून उद्या सकाळी तिथल्या जागामालकाले चावी देऊन राह्यलो मी!"

आणि मी काय उत्तरलो? "अक्षर सुबक आहे." धिक्कार! थट्टा होती, एवढे दोन शब्द का उच्चारवले नाहीत? पांडित्याची प्रतिष्ठा, दुसरे काय!

अन्न गोड लागेना. हा निघालोच. संस्कृत घरी ठेवून सांगणार, "रफीकभाई, थट्टा केली होती मी, मले त्या निर्बंधातलं काहीच समजत नाही." रंग ओला असेतो पुसता येतो.