हिरवा पडलेला भात

१२ ऑक्टोबर
गच्चीवरच्या माझ्या भरिताच्या वांग्यांना पांढरी माशी. खालच्या मजल्यावरच्या भाईदासच्या वांग्यांच्या कुंड्या शेजारीच, त्यांनाही तीच. तो नुसता बघत बसतो. मी कीड मारणारी बुरशी आणली. पुडीतली जशीच्या तशी मारणं कुणालाही जमेल. मी ती सुधारणार. सुरतच्या उकाड्यात टिकणारी, माझी स्वतःची जात.
सासूबाईंना फोन केला, चंपाषष्ठीचं भरीत यंदा आपल्याच वांग्यांचं. त्या नुसतं हं म्हणाल्या. लग्नापासून हेच हं ऐकतोय.

१५ ऑक्टोबर
भात शिजवून पिशवीत भरला, बुरशी वाढवायला त्यात थोडी पुडी कालवली. चांगला तांदूळ नासवला म्हणून बायकोची, हर्षदाची बडबड. संशोधकाच्या घरात हे चालायचंच.

२१ ऑक्टोबर
भातावर पांढरी बुरशी! पांडेसऱ्याच्या मिलमध्ये जीव रमेना. पोट दुखतंय सांगून दुपारीच घरी. पिशवी पाहिली. परत पाहिली.

२७ ऑक्टोबर
भात हिरवा पडला. नासला. हर्षदा म्हणते पुडीवरचं वाचा. ते गुजरातीत. गुजराती मी फाडफाड बोलतो, वाचायची कधी गरज पडली नाही. भात भाईदासच्या कुंड्यांत फेकला. दुश्मनी नाही, जवळ होत्या. उरलेली पुडी उकाड्याला कणखर व्हावी म्हणून दिवसभर उन्हात तापवली आणि झाडांवर मारली.

४ नोव्हेंबर
यश. पानांवर पांढरा कापूस. बुरशी लागली! हर्षदा म्हणते कापूस चालतोय. वाढणारी वस्तू हलणारच.

११ नोव्हेंबर
कापूस हाताने सगळ्या झाडांना लावला. पानं आकसलीत. कीड मरताना झाडाला थोडा त्रास व्हायचाच. तरी आज पाच वेळा गच्चीवर जाऊन आलो. भूक नाही.

२० नोव्हेंबर
एक पान घेऊन कृषी केंद्रात गेलो. तिथला माणूस म्हणाला, हा मिलीबग, म्हणजे पिठ्या ढेकूण. पुडीही वाचून दाखवली. उन्हात ठेवू नये. आणि भात हिरवा झाला की बुरशी तयार.
मी पाणी मागितलं.

२६ नोव्हेंबर, चंपाषष्ठी
माझी झाडं उपटली. हर्षदाने परस्पर भाईदासकडून वांगी आणली. टपोरी, एक डाग नाही. भाईदास जेवायलाच होता. म्हणाला, कुणीतरी कुंड्यांत हिरवा भात टाकून गेलं, अन्न फेकवेना म्हणून पाण्यात कालवून झाडांवर शिंपडला, माशी गेली.
मी तोंड उघडलं. हर्षदाने माझ्याकडे पाहिलं. मी भाकरी मागितली.
सणाला आलेल्या सासूबाईंनी भरीत दोनदा घेतलं. मग भाईदासला म्हणाल्या, जवाई ऱ्हावा ते असा.
माझ्याकडे बघून हं.