निळी की पांढरी

रविवार, २ नोव्हेंबर

बोट! घरात दुसरा विषय नाही. विष्णुपुरी धरणाच्या पाण्याकाठी अब्बांनी, म्हणजे सासऱ्यांनी, मळा घेतला, तेव्हापासून माझ्या नवऱ्याच्या, फैजानच्या, डोक्यात हेच. आज सगळे लातूरला जाऊन बघून आलो. ज्या गावाला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं वीरण्णा मोटरबोटी विकतो! दोनच आहेत, जुन्या, शेडमध्ये ट्रॉलीवर. दोन्ही सहा जणांच्या, इंजिनही सारखंच. निळीला छत आहे. पांढरी उघडी, पण सीटा रुंद. अब्बांनी जीप घेताना करतात तसं वर चढून दणादणा पाय आपटून बघितले. पाण्यात घालून बघायचं कुणालाच सुचलं नाही.

मला पाण्याची भीती वाटते. कंबरेच्या वर आलं की हातपाय गळतात. पण माहेर हिमायतनगरचं, पैनगंगेकडचं — सगळे धरूनच चालतात की हिला पोहता येतं. फैजान इतका खूश आहे की सांगवत नाही.

सोमवार

अब्बांचा नियम — मोठी वस्तू घ्यायची तर घरातल्या सगळ्यांची पसंती पाहिजे. "एकाचंबी मन नसलं तर बरकत न्हाई." फैजानला कोणतीही चालते. सासूबाई, म्हणजे अम्मी, म्हणाल्या निळी. म्हणून मी पांढरी म्हणाले. अब्बांच्या गुडघ्यांना रुंद सीट बरी, असं कारणही दिलं. विषय पुढे ढकलला. सुटले!

गुरुवार, ६

फैजान दिवसभर मागे लागला. शेवटी जेवताना मी म्हणाले, बरं, निळी घ्या. तर अम्मी — "मला तर आता पांढरीच बरी वाटून राहिली." मी म्हणेन त्याच्या उलट! लग्न झाल्यापासून माझी साधी आमटी त्यांना पटत नाही. आज मात्र त्यांच्या खाष्टपणाचे उपकार झाले.

सोमवार, १०

वीरण्णाचा फोन. निळी गेली, औशाच्या कुणीतरी नेली. उरली पांढरी, अम्मींच्या पसंतीची. आता मतभेद कशावरून काढू? अब्बा शुक्रवारी शेवटचं विचारणार.

शुक्रवार, १४

अब्बांनी आधी अम्मींना विचारलं. मी घास हातात धरून बसले.

"नको," अम्मी म्हणाल्या. "माझं मन न्हाई."

कारण सांगितलं नाही. अब्बांनी तिथंच विषय मिटवला. फैजान हिरमुसला, पण मग आमच्या छोट्या अलीझाला मांडीवर घेऊन म्हणाला, मळ्यात तुला झोका बांधू. पोरगी तेवढ्यावरच खूश. आज मी पोटभर जेवले.

शनिवार

भांडी विसळताना अम्मी हळूच म्हणाल्या, "बेटा, तू निळी म्हणली म्हणून मी मुद्दाम पांढरी म्हणले. दोघींचं जुळलं असतं तर बोटीत बसावं लागलं असतं. मला पाण्याचं लई भ्या वाटतं. तुला काय, तू नदीकडची!"

मीही माझं सांगितलं. त्या पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. या घरात आल्यापासून आम्ही दोघी पहिल्यांदा एकत्र हसलो.