हिरड्याला टेकलेली पाठ

३ डिसेंबर, मंगळवार
अकोले गावाहून जीपनं हाडं खिळखिळी करून घेत वर पोचलो, पण गाव पाहिलं आणि शीण पळाला. भात कापून झालाय, खाचरं मोकळी, पलीकडे देवराई. बायको अनन्या वनस्पतिशास्त्र शिकवते, मी फोटो काढतो. जुन्या झाडांच्या नोंदी करायचं काम दोघांना मिळून मिळालंय. अनन्या तर जीप थांबायच्या आधीच उतरू बघत होती. मुक्काम भागूबाईंकडे, एकट्याच राहतात. तांदळाची भाकरी वाढता वाढता त्यांनी बजावलं, की राईत चपला न्यायच्या न्हाईत, पान तोडायचं न्हाई, आन् झाडाला पाठ टेकायची न्हाई. दमलात तर भुईवर बसा. अनन्यानं ते वहीत लिहून घेतलं. मी आणखी एक भाकरी घेतली.

४ डिसेंबर, बुधवार
काय हिरडा आहे! घेर साडेपाच मीटर. पण फोटोत शेजारी माणूस नसेल तर त्याची उंची कळणार कशी? अनन्याला म्हटलं, टेकून उभी राहा. ती नको म्हणाली, भागूबाईंचं ऐकू या म्हणाली. मी तिची भरपूर टर उडवली, कॉलेजात हेच शिकवतेस का म्हणून. शेवटी वैतागून उभी राहिली. ऊन नीट पडेपर्यंत मी तिला चांगली दहा मिनिटं हलू दिलं नाही. फोटो मात्र झकास आलाय. परतताना ती म्हणाली, की खोड अंगासारखं कोमट होतं.

५ डिसेंबर, गुरुवार
अनन्याला वाकता येत नाही. पाठ बघितली. खांद्यांच्या मधोमध कातडी करडी, भेगाळलेली. नखानं जरा खरवडलं तर चीक आला आणि ती किंचाळली. जीप बोलावली, पण तिला आत बसवता येईना, कंबर मोडतच नाही.

भागूबाई रागावल्या नाहीत. पदर सारून त्यांनी स्वतःची पाठ दाखवली, सगळीभर गुळगुळीत व्रण. नवऱ्यानं त्यांना असंच गंमत म्हणून एका जांभळाला टेकवलं होतं. मग तोच जाऊन तिथं टेकला, तेव्हा त्या सुटल्या. ज्यानं उभं केलं त्यानंच तिसऱ्या दिवशी सूर्य बुडायच्या आत पाठ लावायची. झाड तिला सोडतं, त्याला ठेवतं.

तिसरा दिवस म्हणजे उद्या.

६ डिसेंबर, सकाळ
पहाटेच राईत गेलो. शर्ट काढला. वीतभर अंतर राहिलं होतं.

नाही जमलं.

अनन्याला सांगितलं, टेकलो होतो, काही उपयोग झाला नाही. तिनं ताठलेल्या बोटांनी माझा हात कुरवाळला. म्हणाली, तू गेलास तरी. मला तिचा भयंकर राग आला.

दुपार
भागूबाईंना म्हटलं, तुम्ही टेका, तुमचं वय झालंय. त्या एवढंच म्हणाल्या, की उभं तुमी केलंत, दादा.

संध्याकाळ
अनन्या आपणहून राईकडे गेली — पाय न वाकवता — भागूबाईंनी धरून नेलं. मी मागोमाग आलो. दहा पावलांवर बसलोय. खोडानं तिचे खांदे घेतले. केसही.

दिवस अजून कासराभर वर आहे. वेळ आहे.

तिला कळलंय मी खोटं बोललो. दुपारी शर्ट बदलताना माझी पाठ बघितली तिनं. साफ, कुठं एक ओरखडा नाही.

हाक मारतेय. शौनक — नुसतं नाव.

सूर्य डोंगराला टेकला. भागूबाई म्हणतात, वही ठेवा आता, दादा.

ठेवतो. उठतोच आहे. तिचे डोळे अजून — अर्धा बुडाला — जातो, खरंच जातो, फक्त एवढं वाक्य पुरं करून